तितराची चव आणि दाण्यातले विष

बारामती तालुक्यातील सुप्याच्या माळावर किंवा इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ रानात सकाळी उभे राहिले, की तितराची ओरड हमखास कानावर येते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी पोचले तिथे ऊस झाला. पोचले नाही तिथे गवत, चिंकारा, लांडगा आणि तितर उरले. या पट्ट्यातील जुन्या माणसांकडून दोन वाक्ये नेहमी ऐकायला मिळतात. ‘तितराच्या रश्श्याची चव कोंबडीला नाही’ हे एक, आणि ‘रानातले मांस औषधी असते’ हे दुसरे. पहिल्यात तथ्य आहे. दुसऱ्याच्या भरवशावर मात्र आज कोणी राहू नये.

चवीचे आधी पाहू. जो स्नायू सतत राबतो, त्याला प्राणवायूचा साठा लागतो. तो साठा मायोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनात असतो. म्हणून लांब पल्ला उडणाऱ्या बदकाच्या छातीचे मांस गडद असते आणि शेडमध्ये सहा आठवडे बसून वाढलेल्या ब्रॉयलरच्या छातीचे पांढरे. तितर उडतो कमी, पळतो जास्त. त्यामुळे त्याच्या मांड्या गडद. रानातल्या पक्ष्याच्या अंगावर चरबी थोडी, तंतू घट्ट, आणि खाणे म्हणजे गवताचे बी, किडे, वाळवी. ही सारी चव रश्श्यात उतरते. यात जादू काही नाही, मेहनतीचे शरीर आहे.

‘औषधी’ ही समजूत बरीच जुनी आहे. चरकसंहितेत हितकर आहाराच्या यादीत पक्ष्यांमध्ये लावा आणि बिळात राहणाऱ्यांमध्ये घोरपड श्रेष्ठ म्हटली आहे. पण त्या काळच्या लाव्याने कीटकनाशक लावलेला दाणा खाल्लेला नव्हता. घोरपडीच्या तेलाने सांधेदुखी जाते, याला तर आधुनिक वैद्यकात कसलाही आधार नाही.

आज रानात पक्षी मारायला जाळे आणि फासे आहेतच, पण सर्वांत वाईट पद्धत विषारी दाण्याची. ज्वारी किंवा गव्हाला दाणेदार कीटकनाशक चोळायचे, पाणवठ्याजवळ टाकायचे आणि पडलेले पक्षी गोळा करायचे. बदके, मोर, तितर असे सगळेच त्यात सापडतात. यासाठी फोरेट किंवा कार्बोफ्युरान यांसारखी विषे वापरली जातात. फोरेटवर आपल्याकडे 2020 अखेरपासून बंदी आहे, तरी जुने डबे कोठीत पडून असतात. विकणारा आतडी काढून, पिसे सोलून, स्वच्छ दिसणारे मांस हातात देतो. ‘शिजवले की विष मरते’ हा भ्रम आहे. उकळल्याने जंतू मरतात. रसायन पूर्ण जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

ही विषे मज्जातंतूंवर काम करतात. जेवणानंतर काही वेळात तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलट्या, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करू नका, मुद्दाम उलटी करवू नका, 108 ला फोन करा. इथे एक अडचण नेहमीची आहे. शिकारीचा गुन्हा अंगावर येईल म्हणून घरचे ‘बाहेर काहीतरी खाल्ले’ एवढेच सांगतात. डॉक्टरांना खरे सांगा. ॲट्रोपिनसारखे औषध वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो, आणि ते कशावर द्यायचे हे तुमच्या सांगण्यावरून लवकर कळते.

बंदुकीने मारलेल्या प्राण्यात वेगळे विष असते, शिशाचे. छरा काढून टाकला तरी त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात राहतात. स्पेनमधील संशोधकांनी लाव्याच्या मांसात छरे ठेवून ते शिजवले, तेव्हा व्हिनेगर घातलेल्या मांसात शिसे जास्त उतरले. आपल्या दही-लिंबाच्या मुरवणीनेही तेच होण्याची शक्यता आहे. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणकडे, हिवाळ्यात येणाऱ्या बदकांबाबत आणखी एक धोका. रानटी पाणपक्षी बर्ड फ्लूचे विषाणू बाळगू शकतात आणि स्वतः आजारी दिसतीलच असे नाही. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका त्याआधी असतो, पिसे काढताना आणि आतडी साफ करताना. हे काम बहुधा घरातील बायकांच्या वाट्याला येते. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वन किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

आणि कायदा आहेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तितर, ससा, घोरपड, चिंकारा यांची शिकार, विक्री आणि मांस बाळगणे गुन्हा आहे. चिंकारा आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांच्यासाठी किमान तीन वर्षांची कैद आहे. ढाब्यावर ‘बटेर’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा फार्मवरचा जपानी लावा असतो. ‘रानातला’ असे कोणी कानात सांगितले, तर उठून यावे हे बरे.

ती चव हवीच असेल तर मोकळी फिरलेली, वर्षभर वयाची गावरान कोंबडी घ्या. तिच्या मांड्यांत तोच गडद स्नायू असतो. वय वाढले की स्नायूंभोवतीचे कोलॅजन घट्ट होते, म्हणून तिला मंद आचेवर दीड-दोन तास द्यावे लागतात. मग त्याचे जिलेटिन होऊन रस्सा अंगचाच दाट होतो. घाई असेल तर कुकर चालेल, पण शिट्टी झाल्यावर झाकण काढून थोडा वेळ रटरटू द्या. फार्मच्या लाव्याला उलट करायचे. तो लहान आणि कमी चरबीचा, जास्त शिजला की सुतळीसारखा होतो. मांडीच्या सांध्याजवळ गुलाबी रंग उरला नाही, रस पांढरा स्वच्छ आला, की उतरवा. सोबत बाजरीची भाकरी गरम असावी.