अँटेनाच्या आकाराला भिऊ नका, अंतर सांभाळा

“सिस्टर, नव्या मोबाईलमध्ये म्हणे फ्रॅक्टल अँटेना असतो. त्याचं रेडिएशन लई जास्त. माझं डोकं त्यानंच दुखतं का हो?”

वस्तीतल्या शिबिरात एका ताईंनी विचारलं. त्यांच्या फोनच्या मागे दीडशे रुपयांचा ‘रेडिएशन रोखणारा’ स्टिकर होता. मी आधी रक्तदाब मोजला. १७०/१०० निघाला. डोकेदुखीचं कारण काहीही असो, सगळं खापर फोनवर फोडून त्यांनी चार महिने तपासणीच केली नव्हती. खरा धोका तो होता.

फ्रॅक्टल म्हणजे काय? फ्लॉवरचा गड्डा घ्या. त्याचा एक तुरा मोडला, तर तोही छोट्या गड्ड्यासारखाच दिसतो. तोच आकार लहान होत होत पुन्हा पुन्हा येतो. अशा आकाराला गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिलं. अँटेनाची तार या नमुन्यात दुमडली, की ती कमी जागेत मावते आणि एकाच अँटेनावर अनेक प्रकारच्या लहरी पकडता येतात. एवढाच त्याचा उपयोग.

त्यातून निघतात त्या रेडिओलहरीच, साध्या तारेतून निघतात तशाच. एक्स-रे पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतो. तेवढी ताकद या लहरींत नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीर किंचित तापणं. शरीरावर किती लहरी पडतात, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं : ताकद, अंतर आणि वेळ.

मग काळजीच नको का? तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवलं. पुरावा मर्यादित आहे, असंही सांगितलं. भारतात २०१२ पासून फोनसाठी ‘सार’ची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. सार म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचं माप. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणं दाबली, की बऱ्याच फोनवर हा आकडा दिसतो.

आपल्या पत्र्याच्या घरात सिग्नल कमी मिळतो. सिग्नल कमी, की फोन जास्त जोर लावतो. म्हणून :

- लांबलचक बोलायचं तर दारात या, स्पीकर किंवा इअरफोन लावा.
- रात्री फोन उशाखाली ठेवू नका.
- पेसमेकर असेल, तर फोन शर्टाच्या खिशात नको.
- गच्चीवर टॉवरच्या पॅनेलसमोर मुलांना खेळू देऊ नका. तिथे लहरी सर्वांत जोरात असतात.
- स्टिकर विकत घेऊ नका. त्याने सिग्नल अडला, तर फोन उलट जास्तच ताकद लावतो.

कुणी सांगितलं म्हणून घाबरू नका, कुणी सांगितलं म्हणून निर्धास्तही राहू नका. विचारा, तपासा, मग माना. आणि डोकं वारंवार दुखत असेल, तर आधी दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि डोळे तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजायला स्टिकरएवढाही खर्च येत नाही.

त्या ताईंच्या गोळ्या आता सुरू आहेत. स्टिकर त्यांनी स्वतःच काढून टाकला.