चोवीस तास खेळ, पण दाखवायचं काय?

नोकरी गेली की माणूस दुसरी नोकरी शोधायला लागतो. अमेरिकेत कनेक्टिकट नावाचं एक छोटं राज्य आहे. तिथे बिल रासमुसेन नावाचे गृहस्थ बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या एका संघाकडे कामाला होते. १९७८ साली त्यांची नोकरी गेली. त्यांनी मात्र दुसरी नोकरी शोधली नाही, थेट टीव्हीची वाहिनी काढायचं ठरवलं! मुलगा स्कॉट सोबतीला होता. खिशात फारसे पैसे नव्हते, म्हणून सुरुवातीला क्रेडिट कार्डावर नऊ हजार डॉलर उचलले.

बेत तसा साधा होता. आपल्या राज्यातल्या कॉलेजांचे सामने केबलवरून आपल्याच राज्यातल्या लोकांना दाखवायचे. तेवढ्यात त्यांना कळलं, की उपग्रहावर जागा भाड्याने मिळते. जमिनीवरून आलेलं चित्र पकडायचं, त्याचा जोर वाढवायचा आणि ते परत पृथ्वीकडे पाठवायचं, हे काम करणारं एक यंत्र उपग्रहात असतं. त्याला ट्रान्सपाँडर म्हणतात. आरसीए कंपनीच्या उपग्रहावरच्या अशा एका ट्रान्सपाँडरचा दर बापलेकांनी विचारला. रोज रात्री ५ तास घेतले तर दिवसाला १२५० डॉलर. आणि पूर्ण २४ तास घेतले तर? दिवसाला साधारण ११४३ डॉलर!

परत वाचून बघा. चुकून उलटं छापलेलं नाही. जास्त वेळ घेतला तर भाडं कमी पडत होतं. बापलेकांनी लगेच २४ तासांचा सौदा केला.

आता प्रश्न पडला, एवढ्या वेळात दाखवायचं काय? १६ ऑगस्ट १९७८ ला दोघं गाडीने निघाले होते. वाटेत वॉटरबरी गावाजवळ वाहतूक तुंबली. उन्हात, गाडीतच, दोघांची वादावादी सुरू झाली. अखेर मुलगा वैतागून म्हणाला, की दिवसभर फुटबॉल दाखवा, माझं काही म्हणणं नाही! रागाच्या भरात बोललेल्या त्या वाक्यातूनच चोवीस तास खेळ दाखवणारी वाहिनी ही कल्पना निघाली. तिचं नाव पुढे जगभर गाजलं : ईएसपीएन.

उपग्रहामुळे चित्र आता एका राज्यापुरतं न राहता सगळ्या अमेरिकेत जाणार होतं. पण एका उपग्रहाने हे जमायचं कसं? गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. बरोबर या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरते. त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी खिळून राहिल्यासारखा वाटतो. म्हणून त्याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. डिश एकदा त्याच्याकडे वळवून घट्ट बसवली की काम झालं, ती सारखी हलवत बसायला नको. आज संध्याकाळी तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा गावातल्या घरांवर नजर टाका. एकाच कंपनीच्या सगळ्या डिश एकाच बाजूला तोंड करून दिसतील. महाराष्ट्रात ही बाजू साधारण आग्नेयेची, म्हणजे दक्षिणेकडे कललेली असते, कारण विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे.

चित्राला वर जायला आणि खाली यायला मिळून जवळजवळ ७२ हजार किलोमीटर प्रवास पडतो. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी पाव सेकंद लागतो. मग शेजारच्या घरातून ‘आउट!’ असा ओरडा आधी येतो आणि आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो, असं का होतं? त्यात उपग्रहाचा दोष नसतो. पाठवता यावं म्हणून चित्र आधी दाबून लहान करतात, त्याचे तुकडे करतात, आणि मोबाइल त्यातले काही तुकडे हाताशी साठवून मगच दाखवायला सुरुवात करतो. या कामात काही सेकंद सहज जातात.

तर पुन्हा कनेक्टिकटमध्ये जाऊ. गेटी ऑइल या तेलकंपनीने पैसा घातला, ब्रिस्टल गावात जागा मिळाली आणि ७ सप्टेंबर १९७९ ला संध्याकाळी सात वाजता प्रक्षेपण सुरू झालं. इमारत पुरती बांधूनही झाली नव्हती. पहिला सामना कशाचा होता, ओळखा! सॉफ्टबॉलचा. मोठ्या खेळांचे हक्क मोठ्या वाहिन्यांकडे होते, म्हणून नव्या वाहिनीने जे मिळेल ते दाखवलं. आयर्लंडमधला हर्लिंग नावाचा काठीचेंडूचा खेळ दाखवला, ऑस्ट्रेलियातला फुटबॉल दाखवला. लोकांना हे खेळ पाहायला आवडले. १९८० साली तर अमेरिकेतले व्यावसायिक फुटबॉल संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रमच दाखवला. खेळ नाही, धावणं नाही, नुसती नावं पुकारायची! संघांच्या संघटनेलाही हे कोण बघणार, अशी शंका होती. आज तोच सोहळा बघायला लाखो लोक जमतात. आणि ज्या २४ तासांसाठी सौदा केला होता, ते प्रक्षेपण खरोखर दिवसरात्र सुरू व्हायला मात्र सप्टेंबर १९८० उजाडला.

पुढे वाहिनीचे मालक बदलत गेले. १९९० च्या दशकात ती भारतातही आली. सुनील गावसकर आणि हर्षा भोगले यांची कॉमेंट्री या वाहिनीवर ऐकल्याचं तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल, विचारून बघा.

आता पडद्यामागची एक करामत जवळून बघू. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे जावं लागतं. कुठपर्यंत जायचं, हे टीव्हीवर एका पिवळ्या रेघेने दिसतं. ती रेघ मैदानावर नसते! २७ सप्टेंबर १९९८ ला ईएसपीएनवरच्या एका सामन्यात ती पहिल्यांदा दिसली. स्पोर्टव्हिजन नावाच्या कंपनीने ती बनवली होती.

कॅमेरा डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, चित्र जवळ-लांब करतो. त्या हालचाली मोजणारी उपकरणं कॅमेऱ्याच्या स्टँडवर आणि भिंगावर बसवलेली असतात. सामन्याच्या आधी लोक मैदान मोजून ठेवतात, कारण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मैदान मधोमध किंचित फुगवलेलं असतं, सपाट नसतं. ही सगळी माहिती संगणकाकडे असते. त्यावरून आत्ता या कॅमेऱ्यातून रेघ कुठे आणि किती तिरकी दिसेल, हे तो सेकंदाला तीस वेळा काढतो.

खरी गंमत पुढे आहे. खेळाडू रेघेवरून धावत गेला तर रेघ त्याच्या पायाखाली दिसते, अंगावर चढत नाही. हे कसं जमतं? संगणकाला रंगांच्या दोन याद्या दिलेल्या असतात. गवताचे हिरवे, मातीचे तपकिरी, हे रंग दिसले की त्यावर पिवळा रंग भर. कपडे, बूट, हेल्मेट, कातडी, चेंडू यांचे रंग दिसले की सोडून दे. ऊन-सावली पडली की गवताचा रंग बदलतो, म्हणून एक माणूस सामनाभर याद्या दुरुस्त करत बसलेला असतो. पाऊस पडून कपडे चिखलाने माखले, की खेळाडू आणि जमीन एकाच रंगाचे होतात. फिलाडेल्फियाच्या संघाचे कपडे तर हिरवेच आहेत! अशा वेळी त्या माणसाला गवताचा हिरवा आणि सदऱ्याचा हिरवा यातला बारीकसा फरक शोधून यादीत घालावा लागतो, आणि ढग सरकला की पुन्हा नव्याने.