दारातली दुसरी गाडी

सुदुंबऱ्यात दारात दोन गाड्या असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नवी गाडी रोज चाकणच्या कंपनीत जाते. जुनी शेडमध्ये असते. खताच्या गोण्या आणायला, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला ती बाहेर निघते. विमा संपतो तो बहुतेक हिचाच. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. जुनीचा दरवर्षी आठवणीनं काढायचा, आणि आठवण देणारा मेसेज कधीच बंद पडलेल्या नंबरवर जातो.

मामांच्या जुन्या गाडीतून तळेगाव–चाकण रस्त्याला लागलो, तर पुढे तपासणी चालू होती. हवालदारानं कागद मागितलेच नाहीत. ई-चलानच्या यंत्रात नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"काका, पीयूसी आहे. इन्शुरन्स संपून चार महिने झाले."

मामांनी समोरच्या कप्प्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत जुन्या पॉलिस्या, घड्यांवर फाटायला आलेल्या. सगळ्यात वरची तीच, संपलेली.

"साहेब, इथंच तर चाललोय, गावातल्या गावात."

"रस्त्यावर आणलीत ना, काका."

कायदा हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 146 किती किलोमीटर चाललात ते विचारत नाही. गाडी सार्वजनिक ठिकाणी आली की विमा हवाच. कलम 196 प्रमाणे पहिल्यांदा 2000 रुपये, पुन्हा सापडलात तर 4000, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पॉलिसी नंतर काढली म्हणून आधीचं चलान रद्द होत नाही.

पॉलिसी निघेपर्यंत गाडी हलवू नका, असं बजावल्यामुळे ती शेजारच्या हॉटेलच्या आवारात लावली आणि एजंटला फोन केला. फक्त थर्ड पार्टी हवा असता तर काम सोपं होतं. मामांना गाडीच्या नुकसानीचाही हवा होता, आणि मुदत तुटलेल्या गाडीची त्यासाठी आधी पाहणी होते. ती मोबाइलवरच झाली. चारी बाजू, काच, चालू इंजिन, मीटरचा आकडा, बॉनेट उघडून चासी नंबर. तो धुळीनं भरला होता. मामांनी रुमालानं पुसून एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मागच्या बंपरचा पोचा जुना म्हणून नोंदला गेला, म्हणजे त्याचा क्लेम मिळणार नाही. नव्वद दिवस उलटल्यामुळे नो क्लेम बोनस बुडाला. नव्या गाडीचा बोनस हिला लावता येत नाही, तो गाडीगणिक वेगळा. मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा मात्र नव्या गाडीबरोबर घेतलेला होता, तो पुन्हा घ्यावा लागला नाही.

पैसे दुपारी भरले. पॉलिसीवर सुरू होण्याची वेळ रात्री बाराची होती. तोवर गाडी हॉटेलच्या आवारातच राहिली.

हॉटेलात एकानं हिशेब मांडला: दंड दोन हजार, आणि हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता जून 2022 च्या दरानं 3416. मग दंडच परवडला की! हा हिशेब मी पुष्कळांकडून ऐकलाय, आणि दर वेळी अंगावर काटा येतो. या रस्त्यावर शिफ्ट सुटली की कंटेनरच्या कडेनं दुचाक्या धावतात. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीला येणारे भाविकही इथूनच जातात. समजा, गाडीच्या धक्क्यानं पंचवीस वर्षांचा, महिना वीस हजार मिळवणारा कंत्राटी कामगार गेला. मागे बायको, लेकरू, आई. सर्वोच्च न्यायालयानं 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिलेला हिशेब असा: वर्षाचे 2,40,000; पुढच्या कमाईवाढीचे 40 टक्के मिळवून 3,36,000; त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा जाता 2,24,000; त्याला अठरानं गुणायचं. 40,32,000 रुपये. अंत्यसंस्काराचा खर्च वगैरे रकमा वेगळ्या.

विमा असेल तर हे पैसे कंपनी भरते. नसेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाचा हुकूम मालकावर निघतो, आणि कलम 174 प्रमाणे जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू शकतात. मावळात ज्याची गुंठाभर का होईना जमीन आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मालकाकडे जमीनही नसेल, तर हुकूम हातात असून त्या कामगाराच्या बायकोला काही मिळत नाही.