केमो संपली, रिपोर्ट नॉर्मल. मग गाठ का वाढतेय?

केमोथेरपी झाली. एएफपी, एचसीजी हे रक्तातले ट्यूमर मार्कर नॉर्मल आले. तरी स्कॅनमध्ये पोटातली गाठ आधीपेक्षा मोठी. कॅन्सर परतला, असंच कुणालाही वाटेल. पण अंडाशयाच्या जर्म सेल कॅन्सरनंतर याचं एक दुर्मीळ कारण वेगळंही असतं: ग्रोइंग टेराटोमा सिंड्रोम. 1982 मध्ये हे नाव पडलं, तेही पुरुषांच्या वृषणाच्या कॅन्सरवरून.

मूळ गाठ अनेकदा मिश्र असते. झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरपेशी केमोने मरतात. उरतो परिपक्व टेराटोमा, म्हणजे त्वचा, केस, कूर्चा, चरबी अशा साध्या ऊतींचा गोळा. त्यावर ना केमो चालते, ना रेडिएशन. त्यामुळे केमोची आणखी सायकल घेऊन हाती फक्त त्रास येतो.

'कॅन्सर नाही ना, मग राहू दे' असंही चालत नाही. गाठ वाढून आतडं, मूत्रवाहिनी दाबते. क्वचित तिच्यात पुन्हा कॅन्सर होतो. उपाय ऑपरेशनच, शक्यतो पूर्ण गाठ काढून. पक्कं निदानही त्या गाठीच्या तपासणीतूनच होतं.

रुग्ण बहुतेकदा तरुण मुली असतात. त्यामुळे ऑपरेशनआधी विचारायलाच हवं: पुढे मूल होऊ शकेल का? गर्भाशय आणि दुसरं अंडाशय अनेकदा वाचवता येतं. नंतर मात्र फक्त रक्ततपासणीवर भागत नाही. ही गाठ मार्करमध्ये दिसत नाही, स्कॅनमध्येच दिसते.