रुळांमधले बारा मिलिमीटर

जुन्या मीटरगेजवर पॉइंट्समन म्हणून उभी हयात घालवलेले आमच्या गल्लीतले एक आजोबा माझी पहिली प्रतिकृती पाहायला आले होते. पुठ्ठ्याचे स्टेशन, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘हिंगोली डेक्कन’, विकतचे रूळ, लालसर तपकिरी रंगवलेले डबे. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि म्हणाले, “टेसन आपलं हाये बाबू, गाडी आपली नाही.”

काय चुकले, ते त्यांना सांगता येईना. मलाही दिसेना. ते शोधण्यात माझी दोन वर्षे गेली.

पूर्णा ते हिंगोली हा फाटा निजामाच्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाकला. स्वातंत्र्यानंतर तो वाशीम, अकोल्यावरून खांडव्याला जोडला गेला आणि जयपूरकडून सिकंदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस वसमत, हिंगोलीवरून धावू लागली. अकोला–पूर्णा टप्प्याचे रुंदीकरण २००८ साली पूर्ण झाले. त्याची आम्हाला गरज होतीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका रुंदीचे रूळ उखडले, की त्यांच्याबरोबर एक आकारही जातो. या आकाराकडे आमचे लक्ष नव्हते.

मीटरगेजच्या दोन रुळांत अंतर १ मीटर, आणि वरचा डबा सुमारे २.७ मीटर रुंद. म्हणजे पावणेतीन पट. ब्रॉडगेजचे रूळ १,६७६ मिलिमीटरवर, नेहमीचा निळा डबा सव्वातीन मीटरच्या आत. दुप्पटही भरत नाही. छोट्या पाटावर धिप्पाड माणूस मांडी घालून बसावा, तसा मीटरगेजचा डबा रुळांवर बसे. त्याचे डुलणेही त्यातलेच.

आता माझी चूक. जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण १:८७ आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेले, १९९८ साली सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणातले. (लहान मुलांना घेऊन जावे, आणि मुले नसतील तरी जावे.) या प्रमाणाचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोपातली रेल्वे १,४३५ मिलिमीटरची. आपल्याकडे हे अंतर मुख्यतः मेट्रोला असते. थोडक्यात, मी हिंगोलीची गाडी मेट्रोच्या रुळांवर उभी केली होती! आजोबांच्या डोळ्याने ते हेरले होते.

१,००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंडच्या डोंगरी मीटरगेजमुळे, १२ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात. किंमत माझ्या आवाक्याबाहेर. म्हणून हाताने केले. मीटरगेजचा लाकडी स्लीपर साधारण १.८ मीटर लांब. ८७ ने भागले की जेमतेम २१ मिलिमीटर. आगपेटीच्या काडीचे गुल काढून ती मधोमध मोडली, की स्लीपर तयार. एका वितीला बऱ्याच काड्या लागतात. घरच्यांनी गॅसचा लायटर आणला, तो याच दिवसांत.

खडीसाठी क्रशरवरची काळी चुरी चहाच्या गाळणीने चाळली. पातळ फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा लागतो, नाहीतर पाणी चुरीवर गोळी होऊन बसते, आत मुरत नाही. डब्यांचे टोकांचे दोन-दोन बफर कापून मध्ये एकेक बसवला. ब्रॉडगेजला दोन बाजूंना बफर असत, मीटरगेजला मधला एकच. इंजिन वायडीएम-४ केले, कारण वाफेचे काम माझ्या हाताला झेपणारे नव्हते.

आणि एक गोष्ट अनपेक्षित मिळाली. खोलीत रेल्वे मांडायची म्हणजे वळणात खोटेपणा आलाच. ब्रॉडगेजचे नियमात बसणारे सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे. १:८७ ने तेच २ मीटर होते, म्हणजे गोल फिरवायला चार मीटरची खोली हवी. मीटरगेजला १०९ मीटर चालते, म्हणजे सव्वा मीटर. गरिबाची म्हणून हिणवलेली रेल्वे माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत नियम न मोडता वळते. फलाट मात्र मला कापावाच लागला. ४०० मीटरचा फलाट खोलीत साडेचार मीटर मागतो.

दुसरी प्रतिकृती आजोबांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग बोट लावून, इंजिनात पाणी भरायचा नळ कुठे होता ते सांगू लागले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या जुन्या सोबत्याने लगेच खोडून काढले, नळ पूर्णेच्या बाजूला होता म्हणाले. दोघांची जुंपली. ती जागा मी अजून मोकळी ठेवली आहे. तिथे चुरी टाकली आहे, पण फेविकॉल सोडलेला नाही.