नर्सी ते घुमान : वाटेवरचा प्रसाद

आज कार्तिक शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी आज वैष्णवांचा मेळा दाटला असेल. हीच तिथी श्रीसंत नामदेवरायांच्या जन्माची. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, या वर्षी ते अवतरले. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नर्सी हे त्यांचे जन्मस्थान म्हणून वंदिले जाते. या पुण्यदिनी एका प्रवासाची कथा भाविक वाचकांच्या सेवेस सादर करीत आहे. तीत माझ्या पांडित्याचा पराभव आहे. परंतु तो सांगितल्यावाचून मला पारणे फिटल्यासारखे वाटणार नाही.

पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. नामदेवरायांनी तेथे सुमारे वीस वर्षे वास्तव्य केले, अशी तिकडील परंपरा सांगते. त्यांची ६१ पदे श्रीगुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. तेथील सौर गणनेने माघाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, घुमानला त्यांच्या स्मरणार्थ मेळा भरतो. काही वर्षांपूर्वी त्या मेळ्यासाठी आम्ही २१ जण निघालो. पहाटेच्या एस.टी.ने नांदेड गाठले आणि सकाळी सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसलो. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ साली नांदेडास देह ठेवला. तेथील सचखंड गुरुद्वाराचेच नाव या गाडीस आहे. आमचा संत उत्तरेस गेला, त्यांचे गुरू दक्षिणेस आले, आणि दोन्ही ऋणे आज एकाच रुळावरून धावतात!

दीड दिवसाची ती वाट. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर दाट धुके होते. चंबळ केव्हा ओलांडली ते कळलेही नाही. मंडळींनी बसल्या जागी काकडा म्हटला. मी हातपाय धुऊन मानसिक संध्या उरकली. माझे सोवळे कडक. म्हणून दुधात भिजविलेल्या दशम्यांची शिदोरी बरोबर बांधून घेतली होती. दोन प्रहरी दिल्ली आली, तेव्हा तीतील एकच वाळलेली दशमी उरली होती.

या गाडीच्या प्रवाशांना वाटेतील काही स्थानकांवर शीख सेवेकरी विनामूल्य लंगर वाढतात. नेहमीचे प्रवासी आपापले डबे आणि ताटल्या घेऊन दारी उभेच होते. बादल्या घेतलेले तरुण डब्यापाशी आले. कोण, कोठला, कोणत्या जातीचा, हे कोणी कोणास विचारीत नव्हते. वाफाळलेली डाळ आणि भात माझ्यापुढेही आला. मी हात जोडले आणि मान हलविली. तो तरुण किंचित हसला व पुढे गेला.

समोर आमच्यातील एक वृद्ध माउली बसली होती. अक्षरओळख नाही, पण पंढरीची वारी कधी चुकलेली नाही. ती हळूच म्हणाली, "म्हाराज, नामदेवरायानं ईस वर्सं कुणाच्या हातचं खाल्लं असंल?"

मी निरुत्तर झालो. मारवाडातील विहिरीचे आख्यान मी आजवर किती वेळा रंगविले असेल! ज्ञानदेव व नामदेव तीर्थयात्रेत तृषार्त झाले. ज्ञानदेव योगसिद्धीने खोल विहिरीत उतरून पाणी प्याले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला, आणि पाणी उसळून काठावर आले. कीर्तनात मी नेहमी म्हणत असे, "खाली उतरून पिता येते ते ज्याला सिद्धी आहे त्यालाच, काठावर आलेले पाणी वाटेल त्याने प्यावे." तेच पाणी आज डाळभाताच्या रूपाने माझ्या दारी आले होते, आणि मी मान हलवून ते परतविले होते!

मी उठलो, माउलीचीच ताटली मागून घेतली आणि दारापाशी गेलो. गाडी सुटण्याची वेळ झाली होती. तोच तरुण बादली घेऊन परत येत होता. त्याने काही न विचारता वाढले. पहिल्या घासाला कंठ दाटून आला.

सायंकाळी ब्यासला उतरलो आणि बसने घुमानला पोहोचेतो रात्र पडली. थंडी हाडांत शिरत होती. दरबाराच्या दारी एका वृद्ध सरदारजींनी विचारले, "कहाँ से आए हो?" नर्सीचे नाव ऐकताच ते वाकून आमच्या पायांस हात लावू लागले. मी घाईने त्यांचे हात धरले. नमस्कार खरोखर कोणी कोणास करावयाचा होता, हे मला दिल्लीतच कळून चुकले होते.

भाविकहो, आज आपला उपवास. उद्या द्वादशीचे पारणे. नैवेद्य झाल्यावर एक पान वाटसरूसाठी वाढून ठेवावे आणि येईल त्याचे गाव, कूळ काही विचारू नये. नामदेवरायांची जयंती याहून निराळी ती कोणती?