मुळशीच्या पावसात व्हिक्टोरियन बंगला

पिरंगुट ओलांडून घोटावडे फाट्यावरून आत वळलं की भातखाचरांच्या कडेनं बंगलो प्लॉटचे फलक लागतात. त्यावरच्या चित्रांत सपाट गच्ची आणि काचेचे कठडे असतातच, पण अधूनमधून वेगळंच घर दिसतं: उंच टोकदार छपरं, कोपऱ्यात गोल मनोरा, बाहेर आलेल्या तिकोनी खिडक्या, छपराच्या कडेला कोरीव झालर. व्हिक्टोरियन व्हिला. हिंजवडीत नोकरी, पुण्यात फ्लॅट आणि इथं पंधरा-वीस गुंठे जागा असलेल्या माणसाला असं घर हवंसं वाटणं मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. मोठ्या घराला बाहेरून काहीतरी रूप हवंच, आणि पाच हजार चौरस फुटांचा पांढरा ठोकळा हे काही रूप नव्हे.

अडचण पावसाची आहे. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बारा महिन्यांत वाटला जातो. मुळशीत पाऊस चार महिन्यांत उरकतो. तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीत, तो काही हजार मिलिमीटर होतो. घोटावडे पूर्वेला असल्यानं तिथं त्याहून बराच कमी, पण पुणे शहराच्या सवयीनं घर बांधणाऱ्याला धडकी भरवील इतका नक्की. शिवाय तो सरळ पडत नाही. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर झड येते आणि भिंतीवर आडवी आपटते. म्हणून इथं व्हिक्टोरियन घराचा बाह्यभाग ठरवताना एकच प्रश्न आधी विचारावा: हा दागिना काम काय करतो?

गंमत अशी की मूळ घरांत बहुतेक दागिन्यांना काम होतं. महाराणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. या काळात ‘व्हिक्टोरियन’ अशी एक शैली कधीच नव्हती. गॉथिक, इटालियन, क्वीन अ‍ॅन अशा अनेक तऱ्हा एकाच वेळी चालल्या होत्या. त्यांना जोडणारा धागा होता नवा पैसा, यंत्रं आणि आगगाडी. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. मग मोठ्या तावदानांच्या, भिंतीबाहेर आलेल्या खिडक्या मध्यमवर्गाला परवडू लागल्या आणि अंधाऱ्या, चिकटून उभ्या असलेल्या घरांत उजेड शिरला. वेल्समधली पाटीच्या दगडाची कौलं रेल्वेनं देशभर पोचली. लाकूड कोरणाऱ्या यांत्रिक करवतीमुळे झालर स्वस्त झाली. ही झालर म्हणजे मुळात वाशांची उघडी टोकं पावसापासून झाकणारी फळी. आढ्याच्या टोकावरचा भाल्यासारखा कळस तिथला सांधा झाकायचा. कोपऱ्यांवरचे मोठे घडीव दगड ओबडधोबड भिंतीला बळ द्यायचे. आणि सॅन फ्रान्सिस्कोची ती सात रंगांत नटलेली घरं, जी अनेकांच्या मोबाइलमध्ये नमुना म्हणून असतात, त्यांचं रंगकाम १९६० च्या दशकापासूनचं आहे. राणीशी त्याचा संबंध नाही.

नमुन्यासाठी इतक्या लांब जायची गरजही नाही. घोटावड्याहून तासाभराच्या अंतरावर गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत उभी आहे. मुंबईच्या गव्हर्नरचं हे पावसाळी निवासस्थान. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये पुरं झालं. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हा आराखडे रंगले, आणि भाव कोसळल्यावर बिलं आली. खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणून फ्रिअरवर बरीच टीका झाली. (बंगला बांधणाऱ्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.) २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथंच झाला आणि तिथून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्यामुळे पुणेकराला या इमारतीचं निखळ कौतुक करणं जरा अवघडच जातं. पण बांधकाम म्हणून ती बघण्यासारखी आहे. लांबच लांब, बसकी इमारत आणि तिला उंची देणारा एकच मनोरा. दगड इथलाच काळा-करडा. भिंतींपुढे कमानींच्या ओवऱ्या, म्हणजे ऊन आणि झड दोन्ही आधी ओवरीत अडतात.

येरवड्याचं डेक्कन कॉलेज याच पिढीतलं, १८६४ ते १८६८ मधलं, आणि कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ चं. दोन्हींचा कर्ता एकच, लष्करी अभियंता हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. लाल देवळात त्यानं लाल वीट आणि काळा दगड एकत्र वापरले. व्हिक्टोरियन लोकांना असं दोन-तीन रंगांचं बांधकाम फार प्रिय होतं, कारण त्यात रंग सामानाचाच असतो, तो पोपडे धरून गळत नाही. घोटावड्याच्या बंगल्यासाठी मला इंग्लंडमधल्या कुठल्याही घरापेक्षा या तीन इमारती जास्त उपयोगाच्या वाटतात. परदेशी शैली दख्खनच्या हवेत आणताना काय ठेवलं आणि काय टाकलं, ते त्यांच्या भिंतींवर वाचता येतं.

आता छप्पर, कारण बहुतेक घरं इथंच फसतात. चित्रातल्या घराला पाच-सहा छोटी छपरं एकमेकांत घुसलेली असतात आणि ती देखणी दिसतात. पण दोन पाखी जिथं आतल्या बाजूला मिळतात तिथं घळ तयार होते. दोन्ही पाख्यांचं पाणी त्या घळीत येतं, त्याबरोबर पाला येतो, आणि गळती लागली तर प्रथम तिथंच लागते. प्रत्येक जादा शिखर म्हणजे आणखी दोन घळी. म्हणून मोठ्या घराला एक लांब मुख्य आढं द्यावं आणि दर्शनी बाजूला एक, फार तर दोन, आडवी शिखरं काढावीत. घळीत सिमेंटच्या भरवशावर न राहता पत्र्याची रुंद पन्हळ घालावी, आणि ती साफ करायला माणूस पोचू शकेल अशी वाट ठेवावी.

इंग्लंडसारखा उभा उतार इथं लागत नाही. तिथल्या पाटीच्या कौलांऐवजी आपल्याकडे मंगलोरी कौल आहे, आणि तेही त्याच काळाचं अपत्य आहे. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी ही चपटी कौलं पश्चिम किनाऱ्यावरून घाटावर चढली. तीस अंशांच्या आसपास उतार त्यांना मानवतो. हल्ली उतरता स्लॅब ओतून त्यावर सिमेंटमध्ये कौलं चिकटवण्याची पद्धत पडली आहे. स्लॅब हवा असेल तर ओतावा, पण कौलं त्यावर पट्ट्या ठोकून मांडावीत. खाली हवा खेळते, एप्रिलमध्ये माळ्यावरची खोली भाजत नाही आणि फुटलेलं कौल छिन्नी न लावता बदलता येतं.

छपराची कड भिंतीपुढे निदान अडीच-तीन फूट यायला हवी. व्हिक्टोरियन चित्रांत ती बहुधा आखूड असते, कारण तिकडे ऊन हवं असतं. इथं वळचण जितकी खोल तितकी भिंत कोरडी. खोल वळचणीला आधार देणारे लाकडी तोडे आणि कडेची झालर ही दोन्ही मग आपोआप खरी होतात. ती शोभेला लावावी लागत नाहीत. झालर सागवानाची असेल तर तिला दर दोन-तीन वर्षांनी तेल-रंग लागणार हे धरून चालावं. ते परवडत नसेल तर पत्र्याची कापलेली झालर घ्यावी. जुन्या रेल्वे स्टेशनांवर ती वर्षानुवर्षं पाऊस खाते आहे.

भिंतीवरच्या कंगोऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. थर्माकोलवर सिमेंटचा लेप देऊन केलेले तयार कंगोरे आणि खांब बाजारात मिळतात, रात्रीत घर राजवाडा होतं, आणि लेपाला बारीक तडा गेला की मागे पाणी शिरतं. पीओपी तर बाहेरच्या भिंतीवर नकोच. काचतंतू घातलेल्या काँक्रीटचे, म्हणजे जीआरसीचे, भाग त्या मानानं टिकतात, पण तेही नीट बोल्ट मारून बसवले तर. कंगोरा कुठल्याही सामानाचा असो, त्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता हवा आणि पोटाखाली पाणी तोडणारी खाच हवी. ही बोटभर खाच नसली की पाणी कंगोऱ्याच्या पोटावरून सरकत भिंतीत जातं आणि खाली काळे ओघळ उठतात. गॉथिक खिडकीच्या कमानीवर जो उठावाचा दगडी पट्टा असतो तो भुवईच असतो, डोळ्यात पाणी जाऊ न देणारी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीवर, दगडी प्राणी माना काढून बसलेत. गॉथिक इमारतीत अशा प्राण्यांचं मूळ काम छपराचं पाणी भिंतीपासून दूर फेकण्याचं.

जोतं मात्र सढळ हातानं करावं. जमिनीपासून दोन-तीन फूट काळा दगड, दर्जा नीट भरलेल्या, वर गिलावा नाही. पागोळ्यांबरोबर उडणारी माती त्यावर दिसत नाही आणि ओल चढली तरी रंग फुगत नाही. मुळशीत दगडाची उणीव नाही, घडवणारा हात मिळाला पाहिजे. सगळं घर दगडी करणं परवडत नसेल तर जोतं, कोपरे आणि पोर्चचे खांब एवढं दगडात करावं. उरलेल्या भिंतीला साधा गिलावा चालतो.

बाहेर आलेली खिडकी पूर्वेला किंवा उत्तरेला काढावी. पश्चिमेला काढली तर तिच्या छोट्या छपराचा भिंतीशी होणारा सांधा दर पावसाळ्यात गळण्याची धास्ती. पश्चिमेला व्हरांडा द्यावा, निदान आठ फूट खोल. माथेरान-महाबळेश्वरचे जुने बंगले बघा, खरं घर व्हरांड्याच्या आत अंग चोरून असतं. गावातल्या जुन्या घरांची पडवी हेच काम करते, आणि जोराच्या झडीत तिला तट्ट्या बांधायची रीत काही वेडी नव्हती. खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांची झडपं लावायची तर ती बिजागरीवर फिरणारी, खिडकी पुरती झाकणारी लावा. भिंतीला स्क्रूनं ठोकलेली, खिडकीच्या निम्म्या रुंदीचीही नसलेली खोटी झडपं पाहिली की मला घरमालकाची नव्हे, सुताराची कीव येते.

मनोरा हवाच असेल तर त्याला नोकरी द्या. मुळशीतल्या प्रत्येक बंगल्याला पाण्याची टाकी लागते, आणि कौलारू छपरावर काळी प्लास्टिकची टाकी बसली की शैलीचा सगळा खर्च वाया. टाकी मनोऱ्यात घाला. खाली जिन्याची खोली, वर टाकी, त्यावर टोपी. वजनाचा हिशेब इंजिनिअरकडून आधीच करून घ्यावा. दोन हजार लिटर पाणी म्हणजे दोन टन. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याला चार्ल्स मँटनं घड्याळाचा अष्टकोनी मनोरा दिला, तोही कामाचा. धुराडंही असंच: शेकोटी नसेल तर त्यातून स्वयंपाकघराचा धूर बाहेर काढावा, नाहीतर धुराडं काढूच नये. पोर्चला कसलंच निमित्त शोधावं लागत नाही. बग्गीसाठी काढलेलं ते छप्पर जुलैमध्ये गाडीतून सामान उतरवताना आपली किंमत दाखवतं.

रंगाला पांढरा नको, पहिल्याच पावसाळ्यानंतर उत्तरेची भिंत शेवाळानं हिरवी आणि मग काळी होते. गेरू, पिवळी माती, गडद हिरवा, विटकरी, हे व्हिक्टोरियन काळातलेच रंग आहेत आणि इथल्या डोंगरांतही मिसळतात. भिंतीला एक, लाकडाला दुसरा, झालर-कठड्यांना तिसरा. चौथा वापरायला धीर लागतो. वेली भिंतीवर चढवू नका, मांडवावर चढवा. आणि इंग्लिश हिरवळीसाठी मे महिन्यात टँकर मागवण्यापेक्षा ताम्हण, बकुळ आणि दोन आंबे लावलेले बरे.

पोर्च, व्हरांडा, बाहेर आलेल्या खिडक्या हे सगळं मंजुरीच्या नकाशात आधीच दाखवावं; घोटावडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे आणि प्लॉटच्या कडेपासून सोडायच्या अंतरात नंतर काढलेला भाग तोडायची वेळ येऊ शकते. कामाचा क्रमही उलटा धरावा. मेअखेर छप्पर, पन्हळी आणि जोतं पुरं करून एक पावसाळा घर तसंच उभं ठेवायचं, बाहेरचा शेवटचा रंग आणि झालर न लावता. मोठ्या सरीत छत्री घेऊन चारही बाजूंनी फिरायचं आणि भिंत जिथवर भिजते तिथं खडूनं रेघ मारायची. दिवाळीनंतर त्या रेघा सुताराला आणि गवंड्याला दाखवून मगच कंगोऱ्यांची मापं द्यायची.